तक्रार करण्यासारखं काही नाही

आइझेले घराण्यात कौतुक करायची पद्धत नव्हती. जर्मनीतल्या बाकनांग गावात तशी ती कोणाच्याच घरात नाही, पण आइझेल्यांनी त्यात विशेष प्रावीण्य मिळवलं होतं. माउलटाशे, म्हणजे सारण भरलेले पिठाचे चौकोन, अप्रतिम झाले असतील, तर म्हातारे गोटहिल्फ आइझेले म्हणणार, "खाल्ले जातायत." नातू गणितात पहिला आला, तर म्हणणार, "चला, नापास तर नाही झाला." आणि एखादी गोष्ट थेट काळजाला जाऊन भिडलीच, तर दोन्ही हात खिशात घालून, जमिनीकडे बघत ते म्हणायचे, "तक्रार करण्यासारखं काही नाही." व्रोनीला या घरात सून होऊन अठरा वर्षं झाली होती. तेवढ्या काळात हे वाक्य तिनं दोनदाच ऐकलं होतं. एकदा तिच्या लग्नातल्या केकबद्दल, आणि एकदा सासूबाईंच्या अंत्यविधीला तिनं वाजवलेल्या ऑर्गनबद्दल.

व्रोनी म्युनिकची. तिकडे माणसं खूश झाली की टेबलावर मूठ आपटतात, समोरच्याच्या पाठीत धपाटा घालतात. लग्नानंतरचं पहिलं वर्षभर तिची खात्रीच होती, की सासरची माणसं तिला पाण्यात बघतात. मग हळूहळू तिचे कान तयार झाले. कान हाच तिचा धंदा होता. चर्चमधले ऑर्गन ती सुरात लावायची. बाकनांगपासून पार होहेनलोहेपर्यंत विखुरलेली खेडी, प्रत्येक खेड्यात एक चर्च, आणि प्रत्येक चर्चमध्ये थंडीनं सूर बिघडलेला एक ऑर्गन. रोज शंभर-दीडशे किलोमीटर गाडी चालवायची, आणि मागे डिकीत हत्यारं, सरस, चामड्याचे तुकडे, कधी ऑर्गनच्या माणसाहून उंच लाकडी नळ्या.

गाडीच्या बाबतीत मात्र तिच्यावर आजवर अन्यायच झाला होता, असं तिचं स्पष्ट मत होतं. तरुणपणी वडिलांची वापरून झालेली गाडी मिळाली. लग्नानंतर सासऱ्यांची वापरून झालेली. सव्वीस वर्षं ही बाई गाडी चालवत होती आणि एकदाही तिनं स्वतःची गाडी स्वतः निवडली नव्हती. त्यामुळे यंदाच्या मार्चमध्ये, सरकारी गाडीतपासणीच्या खड्ड्यात उभ्या असलेल्या माणसानं सासऱ्यांच्या जुन्या डिझेल मर्सिडीजला खालून स्क्रूड्रायव्हर टोचला आणि तो गंजातून आरपार वर आला, तेव्हा व्रोनीनं चेहरा पाडला खरा, पण मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

कारण तिचं ठरलं होतं. बीएमडब्ल्यू एम-थ्री. तीसुद्धा साधी नाही, लांब पाठीची, मागे सामानाला ऐसपैस जागा असलेली. तिचे वडील झेप जन्मभर बीएमडब्ल्यूच्या म्युनिकच्या कारखान्यात रंगखात्यात होते. लहानपणी ती कारखान्याच्या फाटकाशी त्यांची वाट बघत उभी राहायची, आणि एखादी एम-थ्री बाहेर पडली की तिच्या अंगावर काटा यायचा. पण ती गाडी लांब पाठीची कधी निघतच नव्हती, आणि आखूड डिकीत नळ्या मावत नाहीत. आता, एवढ्या वर्षांनी, निघाली होती. कारखान्यानं ती आपल्या एकटीसाठीच काढली आहे, याबद्दल व्रोनीला तिळमात्र शंका नव्हती.

नवऱ्याला तिनं सांगितलं. यॉर्ग शाळेत भूगोल शिकवायचा आणि सगळीकडे सायकलनं जायचा. तो म्हणाला, "घे की." आता सासऱ्यांना सांगायचं तेवढं राहिलं होतं.

सासरे खाली फुटपाथ झाडत होते. या आठवड्यात झाडलोटीची पाळी कोणाची ते सांगणारी पाटी त्यांच्या दाराला लटकत होती, आणि पाटी असली की गोटहिल्फ झाडू खाली ठेवत नसत. व्रोनी तोंड उघडणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "गाडी मिळाली."

"कोणाला?"

"कोणाला म्हणजे? तुला." झाडू चालूच. "मर्सिडीज. सी-त्रेसष्ट. लांब पाठीची, आठ सिलिंडर. लुडविग्सबुर्गला एक दातांचा डॉक्टर आहे, क्नॉर नावाचा, तो काढतोय. कारखान्यात माझ्याबरोबर होता ना, त्या हेल्मुटनं शोधली."

"पण बाबा, मी खरं तर..."

"इंजिन माझं आहे," म्हातारे म्हणाले, आणि एकच जागा पुन्हा पुन्हा झाडू लागले.

'माझं' म्हणजे काय, हे या घरातल्या मांजरालाही माहीत होतं. मर्सिडीजच्या आफाल्टरबाखच्या कारखान्यात एका इंजिनाला एकच माणूस असतो. पहिला बोल्ट ज्यानं लावला, शेवटचाही तोच लावतो, आणि मग त्या इंजिनावर त्याच्या सहीची पट्टी बसते. गोटहिल्फनी निवृत्त होईपर्यंत हेच केलं. त्यांची इंजिनं दुबईला गेली, टेक्सासला गेली, जपानला गेली. एकदा गेलेलं एकही त्यांना पुन्हा दिसलं नव्हतं. आणि आता त्यातलं एक वीस किलोमीटरवर उभं होतं.

"हेल्मुटनं बॉनेट उघडून बघितलं," ते म्हणाले. "सही वाचता येते."

रात्रीच्या जेवणानंतर व्रोनी भांडी पुसता पुसता नवऱ्यावर उखडली. "आता मी काय करू? नाही म्हटलं तर त्यांचं मन मोडेल. हो म्हटलं तर पुढची दहा वर्षं मी परत दुसऱ्यानं निवडलेली गाडी चालवू!"

"ऑडी घे," यॉर्ग म्हणाला.

"ऑडी?"

"तुझे वडील आणि माझे वडील, दोघंही सारखेच नाराज. घरात शांतता."

तिनं त्याला ओलं फडकं फेकून मारलं. मग वडिलांना फोन लावला. तिकडून झेपनी आठ सिलिंडर एवढं ऐकलं आणि भडकलेच. "पोरी, तो आवाज नाही, ती ढेकर आहे! इंजिन असावं तर ओळीत सहा. आणि तू तारा मिरवणाऱ्या त्या मर्सिडीजवाल्यांच्या गाडीतून माझ्या दारात येणार असशील, तर दोन गल्ल्या अलीकडे उतर आणि चालत ये."

एकूण काय, मदत कोणाचीच नव्हती. शेवटी व्रोनीनंच तोडगा काढला. शनिवारी दोन्ही गाड्या आणायच्या. डॉक्टर एक दिवस गाडी द्यायला तयार होते, आणि दुकानदार एम-थ्री शनिवार-रविवार देणार होता. शर्यत नाही, दिखावा नाही. तिचा रोजचा रस्ता. बेकरी, मग भंगार-कचऱ्याचं आवार, मग डिकीतली नळी पोचवायला डोंगर ओलांडून चर्च, मग महामार्गानं घरी. आणि दोन्ही वेळा शेजारी सासरे.

"मी बीएमडब्ल्यूत बसणार नाही," गोटहिल्फ म्हणाले.

"मग तुलना कशी करणार, बाबा?" यॉर्गनं विचारलं.

म्हाताऱ्यांनी बराच विचार केला. "बसेन. पण बोलणार नाही."

शनिवारी सकाळी दोन्ही गाड्या दारात शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, आणि समोरच्या श्लॉटरबेक बाईंनी आपला झाडलेला फुटपाथ तिसऱ्यांदा झाडायला घेतला. मर्सिडीज करड्या रंगाची, पाठीवर मॉडेलचा एकही आकडा नसलेली. डॉक्टरांनी नवीन मागवतानाच आकडा नको म्हणून सांगितलं होतं. रोग्यांनी तो वाचला असता, तर प्रत्येकाला आपली दाढ महाग वाटली असती. बीएमडब्ल्यू हिरवीगार होती, आणि तिच्या तोंडाला पुढे जाळीचे ते दोन उभे लांब दात.

"हा बीव्हर आपल्याकडे लाकडं खायला आलाय का?" गोटहिल्फ म्हणाले.

"बाबा, तुम्ही बोलणार नव्हतात."

"अजून बसलो कुठेय? आणि हिरवा! पोरी, तू चर्चमध्ये जातेस. तिथली पंचमंडळी काय म्हणतील? आम्ही दानपेटीत टाकलं ते असं हिंडतंय? त्यापेक्षा ही बघ. करडी. मागे कोरी. कोणाला काही कळत नाही."

मग त्यांनी बॉनेट उघडलं. इंजिनावरची पट्टी स्वच्छच होती, तरी खिशातला रुमाल काढून पुसली. जी. आइझेले. सही अगदी त्यांची, शेवटच्या अक्षराला खाली ओढलेली. त्यांनी बॉनेट हलक्या हातानं लावलं आणि लगबगीनं शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

व्रोनीनं बटण दाबलं.

समोर श्लॉटरबेक बाईंचा झाडू हातातच राहिला. ऑर्गनमध्ये सोळा फुटी नळी असते, तिचा सूर कानापेक्षा तळपायाला आधी ऐकू येतो. हे तसलं होतं. जाड, खोल, किंचित अडखळणारं, झोपमोड झालेल्या मोठ्या जनावरासारखं. व्रोनी मनातल्या मनात म्हणाली, देवा, हे प्रकरण कठीण जाणार. आवडून घ्यायचं नाही असं ठरवून ती बसली होती, आणि गाडी फाटकातून बाहेरही पडली नव्हती.

आणि म्हातारे बोलू लागले. बोलू लागले म्हणजे काय, थांबेचनात! "सीट बघ कशी आहे, पाठ दुखणार नाही. रोज दीडशे किलोमीटर म्हणजे पाठ महत्त्वाची. आणि नळी बघ, पूर्ण मावली की नाही? वर हातभर जागा उरलीय. हळू चालवलीस तर गाय आहे गाय, आवाजसुद्धा करत नाही. बेकरीला जा, बाजाराला जा. असं इंजिन पुन्हा होणार नाही, पोरी. सोनं आहे सोनं!"

व्रोनीनं चोरून त्यांच्याकडे पाहिलं. अठरा वर्षांत 'सोनं' हा शब्द तिनं त्यांच्या तोंडून दात बसवण्याच्या संदर्भातच ऐकला होता. आज यांना झालंय तरी काय?

पण विचार करायला सवड कोणाला होती? कचऱ्याच्या आवारातून बाहेर पडताना रस्ता ओला होता, गोल चौकात तिनं जरासा पाय दाबला, आणि गाडीची मागची बाजू अलगद बाहेर सरकली. व्रोनी किंचाळली.

"काही नाही, काही नाही!" म्हातारे ओरडले. त्यांचे गाल लाल झाले होते. "ती फक्त शेपटी हलवते! चावत नाही!"

चर्चला नळी उतरवून ते महामार्गाला लागले. हाइलब्रोनच्या पुढे वेगाची मर्यादा संपल्याची पाटी आली, रस्ता मोकळा होता, आणि व्रोनीनं पाय खाली नेला. पाचशे दहा घोडे एकदम उधळले. तिचं डोकं मागे आपटलं, पोट जागच्या जागी राहिलं आणि बाकीची ती पुढे गेली. दीडशे, दोनशे, सव्वादोनशे! ती मोठमोठ्यानं हसत होती. आणि त्या सगळ्या गदारोळात तिच्या तयार कानाला एक बारीकसा आवाज ऐकू आला. म्हातारे गुणगुणत होते. इंजिन चढेल तसा सूर चढवत, त्याच्या बरोब्बर खालच्या स्वरात. त्यांचा उजवा पाय सीटपुढच्या पायपोसावर करकचून दाबलेला होता.

"तिसऱ्या गिअरला आण," उतरणीला लागल्यावर ते म्हणाले. "एकदाच. ऐकू दे."

घरी आल्यावर व्रोनीच्या डोक्यात नुसता कल्लोळ होता. गाडी भन्नाट होती, त्यात वादच नाही. हिला नाही म्हणायला तोंड कसं उघडायचं? यॉर्गनं लोणी लावलेले ब्रेत्सेल पुढे केले, ते तिनं उभ्या उभ्या खाल्ले, हात पुसले, आणि हिरव्या गाडीची चावी उचलली. गोटहिल्फ आत बसले, पट्टा लावला, हाताची घडी घातली आणि तोंड मिटलं.

पहिल्या वळणापर्यंत व्रोनी स्वतःशीच हुज्जत घालत होती. पहिल्या वळणावर हुज्जत संपली.

ल्योवेनश्टाइनचा घाट तिच्या रोजच्या पायाखालचा. कुठे खड्डा आहे, कुठे शेवाळ धरतं, सगळं तिला पाठ. पण ही गाडी तिथून अशी गेली, की जणू घाट काल रात्री कोणी ताणून सरळ केला असावा. नजर जिथे पडेल तिथे गाडी आधीच पोचलेली. चारही चाकं रस्ता धरून, शेपटीबिपटी काही नाही. आणि तो आवाज! ओळीतले सहाच्या सहा सिलिंडर एका गळ्यानं गात होते. खालपासून वरपर्यंत एकच स्वर, कुठे कंप नाही, कुठे चीर नाही. असा स्वर नळीतून काढायला तिला दोन दोन दिवस लागायचे, आणि इथे तो नुसता पाय टेकवला की येत होता. सोळा फुटीनं सकाळी तिला गदागदा हलवलं होतं. हा स्वर मात्र तिचाच होता. तिच्या घशातून आल्यासारखा.

"हाऽऽय!" ती ओरडली. शेजारी अर्थातच कोणी काही बोललं नाही.

गाडी अगदी निर्दोष होती असंही नाही. चर्चच्या दगडी गल्लीत हादऱ्यांनी दोघांचेही दात वाजले. म्हाताऱ्यांनी तिच्याकडे एक अर्थपूर्ण कटाक्ष टाकला, पण शब्द पाळला. चर्चच्या दारात पाद्रीबुवा उभे होते. सकाळची नळी बसवायची राहिली होती, म्हणून ते वाटच बघत होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"नवीन?"

"अजून घेतली नाही," व्रोनी घाईघाईनं म्हणाली. "पंचमंडळींना सांगू नका."

"कशाला सांगू? ते मग मला बसू देणार नाहीत." आणि पाद्रीबुवा झगा सावरत स्टिअरिंगमागे जाऊन बसले. व्रोनी आत जाऊन नळी बसवून आली, तरी उतरायलाच तयार होईनात.

परतीला महामार्गाऐवजी पुन्हा घाटानंच येताना व्रोनीच्या एक गोष्ट लक्षात आली. जाताना म्हाताऱ्यांनी दारावरची मूठ गच्च धरली होती. आता त्यांनी ती सोडून दिली होती आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. ते काही बोलत नव्हते, गुणगुणतही नव्हते. नुसते समोर बघत होते.

दारात गाडी थांबली. यॉर्ग सायकलला हवा भरत होता, त्याचा पंप थांबला. गोटहिल्फ उतरले. त्यांनी गाडीला पूर्ण वळसा घातला. पुढच्या त्या दोन दातांपाशी थबकले, चाकांकडे वाकून पाहिलं. मग दोन्ही हात खिशात गेले.

"तक्रार करण्यासारखं," ते जमिनीकडे बघत म्हणाले, "काही नाही."

आणि घरात निघून गेले.

यॉर्गनं सायकल भिंतीला टेकवली. "ऐकलंस?"

"ऐकलं," व्रोनी म्हणाली, आणि तिला एकदम रडूच आलं. मग हसू आलं. तिचा जीव भांड्यात पडला होता. मोकळीक मिळाली होती! आता ही हिरवी, दोन दातांची, एका स्वरात गाणारी गाडी तिची होती, आणि ती तिनं स्वतः निवडली होती. तिनं यॉर्गला मिठी मारली, मग गाडीच्या छताला मिठी मारली. समोर श्लॉटरबेक बाईंनी पडदा सारला आणि एका फटीतून बघणं चालू ठेवलं.

तासाभरानं ती डॉक्टरांची गाडी परत करायला म्हणून खाली आली, तर म्हातारे बादली घेऊन करड्या गाडीच्या काचा पुसत होते. परक्याची गाडी देताना पुसून द्यायची, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच होतं. पण ते पुसत कसे होते! एकेक काच, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, कुठलीच घाई नसल्यासारखी. चारही काचा झाल्यावर त्यांनी पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली.

व्रोनी पायरीवरच थांबली. या माणसाला खरोखर जे आवडतं, त्याबद्दल तो चार शब्द बोलतो आणि घरात निघून जातो. मग सकाळभर काय चाललं होतं? पाठ दुखणार नाही, नळी मावते, गाय आहे, सोनं आहे. तिच्या मुलाला कुत्रा हवा होता, तेव्हा तो महिनाभर असाच बोलत होता. आई, तुलाच सोबत होईल. आई, तुझंच फिरणं होईल. त्या पोरानं 'मला हवाय' असं एकदाही म्हटलं नव्हतं.

अगं बाई, व्रोनी स्वतःला म्हणाली. कान तयार झाले म्हणून मिरवतेस, आणि एवढं ऐकू येऊ नये?

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही कधी चालवलीय?"

"काय?"

"तुमच्या इंजिनाची गाडी."

"मी बनवायचो. चालवणारे वेगळे."

"एकदाही नाही?"

"चाचणीच्या खोलीत ऐकायचो की. काचेपलीकडून." त्यांनी फडकं पिळलं. "आणि माझं रोजचं काम डिझेलमध्ये भागत होतं. पाव आणायला आठ सिलिंडर कशाला?"

"मला मात्र पाव आणायला आठ सिलिंडर घ्यायला सांगत होतात."

म्हाताऱ्यांचे कान लाल झाले.

व्रोनीनं चावी पुढे केली. "लुडविग्सबुर्गपर्यंत तुम्ही चालवा."

"छे!"

"का?"

"मी एकाहत्तर वर्षांचा आहे."

"गाडीला माहीत नाही."

"श्लॉटरबेक बघतेय."

"तिच्याकडून आज खरं तर तिकिटाचे पैसे घ्यायला हवेत. घ्या चावी."

"परक्याची गाडी आहे, पोरी. उद्या काही झालं तर..."

"इंजिन कोणाचं आहे, बाबा?"

म्हाताऱ्यांनी बादली जागेवर ठेवली, फडकं दोरीवर नीट वाळत घातलं, हात पँटला पुसले, आणि चावी घेतली. तोवर व्रोनी शेजारच्या सीटवर जाऊन बसलीसुद्धा होती.

गावातून ते असे निघाले, की शिकाऊ पोरानंही लाजावं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाठ ताठ, प्रत्येक वळणाला आधी इशारा, मग आरसा, मग खांद्यावरून मागे नजर. मागून कोणीतरी भोंगा वाजवला. म्हातारे ढिम्म. आफाल्टरबाखला कारखान्याच्या फाटकापाशी ते आणखी हळू झाले. शनिवार असल्यानं आत कोणी नव्हतं. तरीही त्यांनी फाटकाला मान लववली, जणू पहारेकरी समोर उभा आहे.

गावाची हद्द संपली. पुढे सफरचंदांच्या बागांमधून जाणारा लांब, सरळ, रिकामा रस्ता.

"तिसरा," व्रोनी हलकेच म्हणाली.

गोटहिल्फ आइझेल्यांनी तिसरा गिअर घातला आणि पाय दाबला.

त्या रस्त्याला शंभराची मर्यादा आहे. म्हातारे शंभरावर गेले नाहीत, कारण ते आइझेले होते. पण शंभरापर्यंत कसे पोचले, ते विचारू नका. बागा दोन्ही बाजूंनी अंगावर आल्या, आठही सिलिंडर एकदम गरजले, आणि त्या गर्जनेच्या वर आणखी एक आवाज निघाला. व्रोनीला आधी वाटलं, गाडीचंच काही बिघडलं. मग कळलं, की म्हातारे हसत आहेत. अठरा वर्षांत त्यांना तिनं असं हसताना पाहिलं नव्हतं. तोंड उघडं टाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, खांदे हलवत.

"ऐकलंस?" ते ओरडले. "ऐकलंस का? कुठे खरखर आहे का? सांग! तुझे कान आहेत ना? आहे कुठे खरखर?"

"नाही, बाबा!" तीही ओरडली.

"हे माझे हात आहेत! हे मी केलंय, पोरी, मी!"

पुढे एक ट्रॅक्टर आडवा आला. म्हाताऱ्यांनी शहाण्यासारखा वेग कमी केला, समोरचा रस्ता नीट बघितला, इशारा दिला, ओलांडलं, आणि मग पुन्हा तेच. पुन्हा गर्जना, पुन्हा ते हसू. व्रोनीही हसत होती. जगभर गाड्या पळाव्यात म्हणून या माणसानं आयुष्य घातलं, आणि स्वतः काचेपलीकडे उभा राहिला. का? तर शेजारी काय म्हणतील. तिला त्यांचा रागही आला आणि त्यांना पोटाशी धरावंसंही वाटलं.

लुडविग्सबुर्ग आलं. डॉक्टर क्नॉर यांची गल्ली डाव्या हाताला दिसली, आली, आणि मागे गेली.

"बाबा! डॉक्टरांची गल्ली!"

"दिसली."

"मग वळा ना."

गोटहिल्फ वळले नाहीत. पुढच्या सिग्नलला थांबले. दिवा हिरवा झाला, तेव्हा गाव सोडणाऱ्या रस्त्याला लागले. मग म्हणाले, "छपरासाठी ठेवलेले आहेत."

"काय?"

"पैसे. छपरासाठी म्हणून ठेवलेत, तुझी सासू होती तेव्हापासून." त्यांनी घसा खाकरला. "ते छप्पर काही गळत नाही, पोरी."

व्रोनीनं पर्समधून फोन काढला आणि डॉक्टरांना लावला.

"नमस्कार, नमस्कार!" डॉक्टर क्नॉर उत्साहात म्हणाले. "कशी वाटली? घेताय ना?"

"मी नाही घेत, डॉक्टर. माझी दुसरी ठरली."

"अरेरे." डॉक्टरांचा आवाज पडला. "चालायचंच. मग गाडी कधी आणताय?"

व्रोनीनं शेजारी पाहिलं. म्हातारे ताठ बसले होते, नजर समोर, आणि पुढे संथपणे चाललेल्या आणखी एका ट्रॅक्टरवर त्यांनी डोळा ठेवला होता.

"ती आता येणार नाही, डॉक्टर," ती म्हणाली. "ज्यानं इंजिन बांधलं, तोच घेऊन चाललाय."

पलीकडून डॉक्टर मोठ्या आवाजात काहीतरी विचारत होते. पण ट्रॅक्टर मागे पडला होता आणि गोटहिल्फनी पुन्हा तिसरा गिअर घातला होता, त्यामुळे तिला काही ऐकू आलं नाही.